स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर शिडाच्या बोटीनं : पहिल्या आठवड्यासाठी

ग्लासगोला राहायला आल्यावर पहिली काही वर्षं मी पश्चिम किनाऱ्यावरच्या ओबन बंदराला जायचो ते फेरीत बसायला आणि मासे खायला. धक्क्यावरून शिडाच्या बोटी दिसायच्या आणि मनात यायचं, हे पैसेवाल्यांचं काम. पुढे चौघांत मिळून आठवड्याची बोट भाड्यानं घेतली तेव्हा कळलं की खर्च हॉटेलातल्या सुट्टीपेक्षा फार जास्त होत नाही. अवघड आहे ते दुसरंच. इथे अर्धं काम वाट बघण्याचं आहे, आणि आपल्याला वाट बघायची सवय नाही. शुक्रवारी ऑफिस सुटलं, शनिवारी निघालो, रविवारी अमुक ठिकाणी पोचलोच पाहिजे, असा हिशेब डोक्यात घेऊन आलेला माणूस या किनाऱ्यावर हमखास फसतो. मीही फसलो. ते पुढे सांगतो.

लेख नवख्यांसाठी आहे. कधी बोटीवर चढलाच नसाल तरी चालेल, पण वाचून लगेच बोट बुक करायला धावू नका. आधी थोडं शिकावं लागेल.

शिकून काय यायचं

ब्रिटनमध्ये स्वतःची छोटी खासगी बोट हौसेसाठी चालवायला कायद्यानं लायसन्स लागत नाही. हे ऐकून माझा मेहुणा फार खूश झाला होता. पण भाड्यानं बोट देणारे असे सोडत नाहीत. निदान एकाकडे तरी आरवायए या ब्रिटनच्या नौकानयन संघटनेचं डे स्किपर प्रमाणपत्र आणि किती मैल बोट चालवलीय त्याची नोंदवही ते मागतात. त्याआधीचा कोर्स म्हणजे काँपिटंट क्रू. पाच दिवस बोटीवर राहायचं, दोर बांधायचे, सुकाणू धरायचं, स्वयंपाक करायचा, भांडी घासायची. तो घरातल्या दोघांनी केलेला असावा. एकालाच सगळं येत असेल आणि नेमका तोच बोट लागून आडवा पडला, तर बाकीचे प्रवासी उरतात, खलाशी नाही.

बोटीवरचा व्हीएचएफ रेडिओ वापरायला वेगळं प्रमाणपत्र लागतं. कोर्स एका दिवसाचा आहे, तो टाळू नका. बोट स्वतःची असेल तर ऑफकॉम या सरकारी दूरसंचार नियामकाकडून बोटीच्या रेडिओचं लायसन्स घ्या, ऑनलाइन फुकट मिळतं. विमाही उतरवा, कारण मरीना आणि कालवेवाले तो विचारतात.

हे काहीच जमणार नसेल, किंवा भारतातून पंधरा दिवसांच्या सुट्टीवर येत असाल, तर स्किपरसकट, म्हणजे कप्तानासकट, बोट भाड्यानं घ्या. यात कमीपणा नाही. आमच्या पहिल्या खेपेला स्किपर होता. त्या आठवड्यात जे शिकलो ते वर्गात बसून शिकायला वर्ष गेलं असतं.

यायचं कधी

मे किंवा जूनचा पूर्वार्ध. इथला त्यातल्या त्यात कोरडा काळ तोच. जूनच्या अखेरीस ओबनला सूर्य रात्री दहानंतर मावळतो आणि पुढेही नीटसा अंधार होत नाही. नवख्याला याचा मोठा फायदा आहे. पोचायला दोन तास उशीर झाला तरी खडक दिसतात.

मेच्या शेवटापासून सप्टेंबरपर्यंत मिज असतात. डासाच्या पावपट किडा, पण एकटा कधीच येत नाही. वारा पडला, ढग आले, संध्याकाळ झाली की ढगासारखे येतात. जरा झुळूक सुटली की गायब. त्यामुळे इथे वारा नसलेल्या सुंदर शांत संध्याकाळी लोक बोटीच्या आत दार लावून बसतात. तोंडावर ओढायची जाळी प्रत्येकी एक घ्या.

पाण्याबद्दल एकच सांगतो. ऑगस्टमध्येसुद्धा ते तेरा-चौदा अंशांच्या आसपास असतं. गोव्याच्या समुद्रात पोहून आलेल्या माणसानं पोहता येतं या भरवशावर राहू नये. पडल्यावर पहिल्या मिनिटाला श्वासच ताब्यात राहत नाही. लाइफजॅकेट घालायचं, मांड्यांमधला पट्टासुद्धा बांधायचा.

नकाशावरची भाषा

इथल्या सागरी नकाशांवरची बहुतेक नावं गेलिक भाषेत आहेत, आणि ती नावंच अर्धी माहिती देतात. सहा-सात शब्द पाठ करा. ‘एलन’ म्हणजे बेट. ‘रुआ’ म्हणजे समुद्रात घुसलेलं भूशिर. ‘काइल’ म्हणजे दोन जमिनींमधली चिंचोळी सामुद्रधुनी, तिथे पाणी धावणार हे धरून चालायचं. ‘स्केर’ म्हणजे आपलं खडप. ‘बोआ’ म्हणजे पाण्याखालचा खडक, ज्यावर लाट फुटते किंवा फुटत नाही. ‘मोर’ मोठा, ‘बेग’ लहान. ‘अकरसेड’ हा शब्द दिसला की बरं वाटतं, कारण त्याचा अर्थच नांगर टाकायची जागा. लॉख म्हणजे तळंही आणि खाडीही. समुद्राला उघडा असेल तर आपल्यासाठी खाडी.

नकाशावर खोलीचे आकडे असतात ते अगदी तळच्या ओहोटीचे. सहसा पाणी त्याहून जास्तच असतं. खडकांवर मात्र बहुतेक ठिकाणी ना बोया ना दिवा, ते तुम्ही नकाशातून शोधायचे. टॅब्लेटवरचा नकाशा सोयीचा आहे, पण झूम कमी असला तर त्यात खडक दिसतच नाही. म्हणून बोटीवर कागदी नकाशाही ठेवा आणि आदल्या रात्री वाटेतला प्रत्येक खडक पेन्सिलीनं गोल करा. क्लाइड क्रूझिंग क्लबच्या मार्गदर्शिका घ्या. छोट्या छोट्या खाड्या हौशी लोकांनी स्वतः मोजून काढलेले अँटेरिस चार्ट्स पण घ्या. सरकारी नकाशात जिथे पांढरी जागा दिसते, तिथला एकेक धोंडा त्यात सापडतो.

भरती-ओहोटी : इथे घाई करू नका

कोकणातल्या माणसाला उधाण आणि भांग समजावून सांगायला नको. अमावस्या-पौर्णिमेच्या पुढेमागे उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. ओबनला उधाणाच्या वेळी पाणी साधारण सव्वातीन मीटर चढतं-उतरतं, भांगाला जेमतेम मीटरभर. मुंबईच्या मानानं हे कमीच. मग एवढी काळजी कशाला?

कारण इथे पाणी वर-खाली होतं त्यापेक्षा आडवं जास्त धावतं. बेटांची रांग आहे, मधे फटी आहेत, आणि सहा तास इकडून तिकडे, सहा तास तिकडून इकडे अख्खा समुद्र त्या फटींतून जायला बघतो. आयले बेटाच्या दक्षिणेला पोर्ट एलनसारख्या ठिकाणी पाण्याची उंची भांगाला बदलल्यासारखी वाटतच नाही, आणि तरी तिथून जवळच जुराच्या सामुद्रधुनीत जोरदार ओढ असते. धक्क्यावरच्या खुणा बघून प्रवाहाचा अंदाज बांधायला गेलात तर चुकाल.

काही आकडे लक्षात ठेवा. साधारण शिडाची बोट इंजिनावर पाच-साडेपाच नॉट, म्हणजे तासाला तितके सागरी मैल, जाते. क्रिनन बंदराच्या बाहेर डोरस मोर नावाची फट आहे, अर्थ ‘मोठं दार’. उधाणाला तिथे प्रवाह आठ नॉटपर्यंत जातो. स्कायच्या बेटाजवळच्या काइल रियातही तसाच. जुरा आणि स्कार्बा या बेटांमधलं कॉरीव्रेकन साडेआठपर्यंत जातं, आणि तिथे पाण्याखाली खडकाचा एक सुळका आहे ज्याचं टोक पृष्ठभागापासून २९ मीटरवर येतं. धावतं पाणी त्या सुळक्यावर आपटून भोवरे तयार होतात. १९४७ च्या ऑगस्टमध्ये जुरावर राहणारा लेखक जॉर्ज ऑर्वेल मुलाला आणि भाचरांना घेऊन छोट्या बोटीतून तिथे सापडला होता. इंजिन निखळून समुद्रात गेलं, बोट उलटली, सगळे एका खडकावर चढले आणि मच्छीमारांनी त्यांना सोडवलं. नवख्यानं कॉरीव्रेकन लांबून बघावं. तेही ‘लांबून’ या शब्दावर जोर देऊन, कारण भरतीचा प्रवाह तिथे पश्चिमेकडे आत ओढतो. डोरस मोरमधून बाहेर पडून उत्तरेला वळणाऱ्या बोटीला डाव्या हाताला ती ओढ जाणवते. मुख्य भूमीच्या बाजूनं रहा.

आता माझी फजिती.

क्रिननहून सकाळी निघायचं, डोरस मोर पार करायचं, प्रवाहाबरोबर उत्तरेला ओबनपर्यंत. कोष्टक आदल्या रात्री मीच काढलं होतं. प्रवाह फिरायच्या वेळेला बरोबर तोंडाशी पोचायचं. पोचलो. पाणी फिरलेलं नव्हतं. इंजिन पूर्ण जोरात, बोटीच्या बगलेनं पाणी खळखळ मागे जातंय, वेग दाखवणारा काटा ५.२ वर, आणि जीपीएसवर १.१. उजवीकडच्या किनाऱ्यावर एक वाकडं झुडूप होतं. मेहुणा चहा करायला आत गेला, चहा झाला, कप घेऊन वर आला, झुडूप तिथेच.

‘‘भावोजी, आपण नांगर टाकलाय का?’’

नांगर टाकलेला नव्हता. कोष्टकातल्या वेळा यूटीत होत्या, म्हणजे हिवाळ्याच्या घड्याळाच्या. उन्हाळ्यात इथलं घड्याळ तासभर पुढे असतं, तो तास मिळवायचा असतो. मी मिळवला नव्हता, म्हणून तासभर लवकर येऊन ओहोटीच्या शेपटाशी झगडत बसलो होतो. नशीब एवढंच की वारा नव्हता. प्रवाहाच्या उलट दिशेनं चांगला वारा असता तर तिथल्या लाटा उभ्या भिंतीसारख्या होतात. तोंड फिरवून मागे गेलो, एका लहानशा खाडीत गोल गोल फिरत उरलेला चहा प्यायलो. पाऊण तासानं त्याच ठिकाणाहून बोट साडेसात नॉटनं सुटली आणि ते झुडूप मागे कधी गेलं कळलंही नाही.

म्हणून पद्धत अशी ठेवा. आधी वाटेतली अरुंद फट कोणती ते बघा. तिथला प्रवाह कधी फिरतो ते मार्गदर्शिकेत ओबनच्या किंवा डोव्हरच्या भरतीच्या हिशेबानं दिलेलं असतं. ती वेळ काढा, मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत एक तास मिळवा, आणि कागदावर शेजारी ‘मिळवला’ असं लिहा. अ‍ॅप आपोआप मिळवतं, मग तुम्ही परत मिळवू नका, ही चूक त्याहून वाईट, कारण तेव्हा उशीर होतो. त्या वेळेपासून मागे मोजत निघायची वेळ ठरवा. ती पहाटे साडेपाच आली तर साडेपाचला निघा. दुपारी दोन आली तर दोनपर्यंत पुस्तक वाचा. पहिल्या हंगामात शक्यतो भांगाचा आठवडा निवडा, सगळ्या चुका निम्म्यानं स्वस्त पडतात.

हवामान

रोजचा किनारी अंदाज मेट ऑफिस, म्हणजे ब्रिटनचं हवामान खातं, देतं. तुमचे दोन पट्टे म्हणजे ‘मल ऑफ किंटायर ते अर्डनामर्खन पॉइंट’ आणि त्याच्या वरचा, मिंच या सामुद्रधुनीचा. कोस्टगार्ड रेडिओवर दर तीन तासांनी तो वाचून दाखवतं. आधी चॅनेल १६ वर सांगतात की कुठल्या चॅनेलवर ऐकायचं. दक्षिणेकडे बेलफास्ट, उत्तरेकडे स्टॉर्नोवे. मोबाइलची रेंज लॉखमध्ये शिरलं की जाते, म्हणून ऐकायची सवय लावा. वाऱ्याचा जोर (ब्यूफर्ट मापानं) पाच म्हटला की नवख्यानं आसऱ्याच्या पाण्यात राहायचं, सहा म्हटला की बंदरात. उंच डोंगराच्या पायथ्याशी नांगर टाकला म्हणजे वारा लागणार नाही असं वाटतं, पण डोंगरावरून झोत खाली कोसळतात. स्कायच्या कुलिन डोंगराखालचं लॉख स्काव्हेग त्यासाठीच कुप्रसिद्ध आहे. तिथे पहिल्या वर्षी रात्र काढू नका.

नांगर

मरीना मोजक्या, खाड्या शेकडो. या किनाऱ्याची मजा नांगरावरच आहे, आणि रात्रीची झोपही त्यावरच.

जागा निवडताना अंदाजातल्या वाऱ्यापासून आडोसा बघा, आजच्या नाही तर रात्री दोनच्या वाऱ्यापासून. नकाशावर तळ चिखलाचा किंवा वाळूचा हवा. मग हिशेब. समजा आत्ता ओहोटी पूर्ण झालीय, खोली ४ मीटर. भरतीला ३ मीटर चढणार. बोटीचं पुढचं टोक पाण्यापासून १ मीटर उंच. झाले ८. त्याच्या चौपट साखळी, म्हणजे ३२ मीटर. उलटा हिशेबही करा. भरतीत ५ मीटरवर नांगर टाकलात, पाणी ३ मीटर उतरलं, उरले २, आणि बोटीचा तळ १.९ मीटर खोल. पहाटे चारला बोट तिरकी झाली की हा हिशेब आठवतो.

पाणी सहा तासांत सारखं चढत नाही. चढाचे बारा भाग करा : पहिल्या तासाला एक, दुसऱ्याला दोन, तिसऱ्या-चौथ्याला तीन-तीन, मग दोन, मग एक. मधल्या दोन तासांत निम्मं पाणी सरकतं.

टाकताना वाऱ्याकडे तोंड करून हळू जा, बोट थांबली की नांगर तळापर्यंत सोडा, फेकू नका. बोट मागे सरकत जाईल तशी साखळी सोडत जा. पूर्ण सुटली की इंजिन रिव्हर्समध्ये, आधी हळू, मग चांगला जोर लावून. त्याच वेळी किनाऱ्यावरच्या दोन गोष्टी एका रेषेत धरा, घराचं धुराडं आणि मागचं झाड, असं काहीतरी. रेषा हलली नाही तर नांगर बसला. हलली तर उचला आणि परत टाका. बाकीच्या बोटीवाले बघतायत म्हणून लाजू नका. त्यांनीही तीनदा टाकलेला असतो, तुम्ही तेव्हा पोचला नव्हता एवढंच.

न बसण्याचं कारण बहुतेक वेळा केल्प असतं, समुद्रातलं लांब चामड्यासारख्या पट्ट्यांचं शेवाळ. पाण्यात गडद डाग दिसला तर तिथे टाकू नका. एकदा आमचा नांगर वर आला तो पोत्याएवढी जुडी घेऊन, नांगर त्यात दिसतच नव्हता. पाव कापायची दातेरी सुरी यावर उत्तम चालते. तेव्हापासून आमच्या बोटीवर पाव हातानंच तोडतात.

नंतर आलेल्यानं आधी आलेल्यापासून लांब राहायचं हा इथला अलिखित नियम. पाहुण्या बोटी बांधायला ठेवलेल्या मूरिंगच्या बोया मिळाल्या तर त्यावर किती टनांपर्यंतची बोट चालते ते लिहिलेलं असतं, ते वाचा. पैसे ठेवायची पेटी किनाऱ्यावर असते. कोणी बघत नाही म्हणून बुडवू नका, या बोया बऱ्याच ठिकाणी छोट्या गावाच्या खर्चानं चालतात.

किनाऱ्यावर जायला रबरी डिंगी. सगळ्यात जास्त गाफील आपण इथेच असतो, पन्नास मीटर तर जायचंय म्हणून. लाइफजॅकेट घाला, वल्ही सोबत ठेवा, इंजिन बंद पडलं तर ओहोटी कुठे नेईल ते आधी बघा. परतताना पबमधून येत असाल तर दुप्पट. जमिनीवर उतरल्यावर मात्र मोकळे आहात. स्कॉटलंडच्या २००३ च्या कायद्यानं शेताची-जनावरांची काळजी घेऊन कुठेही चालायला परवानगी आहे. फाटक जसं होतं तसं लावायचं.

खाणं

प्रेशर कुकर न्या. बोट कितीही हलली तरी झाकण घट्ट, खिचडी सांडत नाही, आणि गॅस कमी लागतो. शिट्टीच्या आवाजानं शेजारच्या बोटीवरचे गृहस्थ एकदा विचारायला आले होते की कसला अलार्म वाजतोय. मूगडाळ, तांदूळ, गोडा मसाला, लसणाची चटणी ग्लासगोतूनच घेऊन निघा. दूध-भाजी ओबन आणि मल बेटावरच्या टोबरमोरीला मिळते. टोबरमोरीच्या पुढे दुकान कधी उघडं असेल ते गृहीत धरू नका, आणि उत्तरेला लुइस बेटावर रविवारी जवळजवळ सगळं बंद असतं.

पहिल्या आठवड्याचा रस्ता

मुक्कामाचं ठाणं ओबन किंवा शेजारचं डन्स्टाफ्नेज.

पहिल्या दिवशी लांब जाऊ नका. केरेरा बेटाच्या सामुद्रधुनीतून दक्षिणेला पुलडोहरन गाठा, नावाचा अर्थ ‘पाणमांजराचा डोह’. चहूबाजूंनी खडकांची भिंत, आत शांत पाणी. गर्दी असते, लवकर पोचा. तिथून टेकडी ओलांडून पंधरा-वीस मिनिटांत एक कमानीचा दगडी पूल लागतो, १७९२-९३ साली बांधलेला. मुख्य भूमी आणि सील बेट यांमधल्या चिंचोळ्या पाण्यावर असल्यानं लोक त्याला अटलांटिकवरचा पूल म्हणतात. पुलाशी ‘टाय अन ट्रश’ नावाचा पब आहे, म्हणजे विजारींचं घर. १७४५ च्या उठावानंतर सरकारनं किल्ट, म्हणजे पुरुषांचा चौकडीचा घागरा, घालायला बंदी केली तेव्हा बेटावरचे लोक मुख्य भूमीवर जाताना इथे किल्ट उतरवून विजार चढवायचे, असं सांगतात.

दुसऱ्या दिवशी मल बेटाच्या सामुद्रधुनीत शिरा. ओबनच्या तोंडाशी कॅलमॅक कंपनीच्या मोठ्या फेरीबोटींना वाट द्या, त्यांना वळायला जागा नसते. लिस्मोरच्या दीपगृहापाशी प्रवाह आपटतात, तिथेही वेळ साधून जा. जवळचा लेडीज रॉक भरतीला पाण्याखाली जातो. ड्युअर्टच्या किल्ल्यातल्या एका मॅक्लिन सरदारानं नको झालेली बायको त्यावर नेऊन सोडली होती आणि मच्छीमारांनी तिला वाचवलं, ही इथली जुनी गोष्ट. आत सामुद्रधुनीत मात्र प्रवाह माफक, दोन-अडीच नॉट. संध्याकाळी लॉख अलाइन. तोंड अरुंद, फेरीची ये-जा, आत गेल्यावर जागाच जागा.

तिसरा दिवस टोबरमोरी. लाल-पिवळी-निळी घरं, पाँटून (तरंगता धक्का), गरम शॉवर, कपडे धुवायचं मशीन. दोन रात्री राहायला हरकत नाही. नांगर टाकायला इथे खोल आहे, पाँटून किंवा बोया घ्या.

चौथ्या दिवशी समोरच्या लॉख सुनार्टच्या तोंडाशी लॉख ड्रमबुई. तोंड इतकं चिंचोळं की दोन्ही बाजूंची झाडं हाताला लागतील असं वाटतं.

पाचव्या दिवसासाठी दोन बेत हवेत. हवा स्थिर असेल, लाट नसेल, तर मलच्या पश्चिमेला स्टाफा. तिथे रात्रीचा आसरा नाही, दिवसा थांबायचं आणि एक माणूस बोटीवरच ठेवायचा. फिंगलची गुहा म्हणजे बेसॉल्टचे षटकोनी खांब, ओळीनं उभे. आपल्याकडे अंधेरीची गिल्बर्ट हिल बघितलेल्याला हा दगड ओळखीचा वाटेल. लाव्हा थंड होताना भेगा पडून खांब होतात, दोन्हीकडची करामत तीच. शेजारच्या लुंगा बेटावर जुलैच्या मध्यापर्यंत पफिन पक्षी हातभर अंतरावर बसतात. रात्री अल्व्हाच्या आसऱ्याला जा. हे बेट २०१८ मध्ये तिथल्या लोकांनी मिळून विकत घेतलं. ऑस्ट्रेलियात गव्हर्नर म्हणून गाजलेला लॅकलन मॅक्वारी मूळचा इथलाच, आणि त्याचं पहिलं लग्न १७९३ मध्ये मुंबईत झालं होतं. हवा वाईट असेल तर दुसरा बेत : लॉख सुनार्टमध्ये आणखी आत जा, सील प्राणी बघा, पत्ते खेळा. हा बेत कमी प्रतीचा समजू नका, आमच्या मुलांना स्टाफापेक्षा तोच आठवतो.

उरलेले दोन दिवस परतीचे. एक दिवस जास्तीचा राहिला पाहिजे, नाहीतर शनिवारी बोट परत द्यायच्या धाकानं लोक नको त्या वाऱ्यात निघतात.

क्लाइडहून स्वतःची बोट आणत असाल तर

लार्ग्स किंवा इन्व्हरकिपला, म्हणजे ग्लासगोच्या बाजूच्या क्लाइडच्या खाडीत, बोट ठेवणाऱ्यांना किंटायरचं लांबलचक द्वीपकल्प आडवं येतं. त्याच्या टोकाला वळसा घालणं पहिल्या वर्षी नको. १८०१ मध्ये सुरू झालेला क्रिनन कालवा अर्ड्रिशेगपासून क्रिननपर्यंत नऊ मैलांचा आहे, पंधरा लॉक, म्हणजे बोट पाण्याबरोबर वर-खाली करणारे दारांचे कप्पे. समुद्राकडची लॉक कर्मचारी चालवतात, मधली बहुतेक आपली आपण. लांब लाकडी दांड्याला पाठ लावून दार ढकलायचं. दोघांच्या बोटीला हे जड जातं, वाटेत तिसरा माणूस घ्या. एका दिवसात होतो, पण दोन दिवस घ्या. बोटीच्या दोन्ही अंगांना जितके फेंडर (बोट भिंतीला घासू नये म्हणून लटकवायचे फुगे) असतील तितके लावा.

कोणी सांगत नाही अशा गोष्टी

लॉब्स्टर-खेकड्यांच्या सापळ्यांच्या बोया सगळीकडे असतात, कधी रंग उडालेल्या, कधी पाण्याखाली अर्ध्या बुडालेल्या. त्यांचा दोर पंख्यात अडकला की इंजिन संपलं. इंजिनवर जाताना एकानं पुढे बसून बघत राहायचं, आणि रात्री चालायचंच नाही. सामन माशांच्या पिंजऱ्यांपासूनही लांब रहा, त्यांचे नांगर दिसतात त्यापेक्षा बरेच बाहेर असतात. पाणबुड्यांचे सराव चालतात, त्याची सूचना कोस्टगार्ड रेडिओवर देतं, तुमचा पट्टा आला तर कान द्या. बोटीचं डिझेल लाल रंगाचं असतं आणि पंपावर चालवायला किती, गरम करायला किती असं विचारतात. साधारण साठ-चाळीस सांगितलं जातं. शुक्रवारी संध्याकाळीच भरा, शनिवारी सकाळी सगळ्या भाड्याच्या बोटी रांगेत असतात.

अडचण आली तर चॅनेल १६. जिवाला धोका असेल तर मेडे, नसेल पण मदत हवी असेल तर पॅन-पॅन. आरएनएलआय या समुद्री बचाव संस्थेच्या लाइफबोटी ओबन आणि टोबरमोरी दोन्हीकडे आहेत. शंका आली की लवकर बोला, त्यांना भर दुपारी आलेला साधा फोन रात्रीच्या धावपळीपेक्षा बरा वाटतो.

आणि अर्डनामर्खन. टोबरमोरीतून बाहेर पडलं की उत्तरेला ते भूशिर दिसतं, टोकावर १८४९ चं ३६ मीटर उंच दीपगृह. त्याच्या पुढे मोकळा समुद्र, मग एग, रम, कॅना, स्काय. पहिल्या आठवड्यात ते वळू नका. ते वळून परत येणारी बोट पुढच्या टोकाला हेदर या इथल्या डोंगरी झुडपाची जुडी बांधून बंदरात शिरते, अशी इथली जुनी चाल आहे. आम्ही ते तिसऱ्या वर्षी केलं. कॅनाला उतरून हेदर आणला, बांधला, आणि टोबरमोरीच्या पाँटूनवर लागताना मेहुण्यानं दोर फेकला तो नेमका त्या जुडीवर.